हॉर्टिकल्चरचा कोर्स घेतलाय? मग अभ्यास झाडाच्या वेळापत्रकाने करा

व्होकेशनल कॉलेजात हॉर्टिकल्चरला ॲडमिशन घेतलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एवढंच सांगते की हा विषय परीक्षेच्या आदल्या रात्री होत नाही. छाट कलमाला, म्हणजे कापून मातीत लावलेल्या काडीला, मुळं फुटायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, काही झाडांना त्याहून जास्त, आणि तुमची सबमिशनची तारीख जवळ आली म्हणून ती लवकर फुटत नाहीत. काही बिया आधी दोन-तीन महिने थंडीत ओलसर ठेवाव्या लागतात तेव्हा कुठं उगवतात. एखाद्या झाडाची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच येते, त्या दिवशी तुम्ही कॉलेजला दांडी मारली की थेट पुढच्या वर्षी, आणि कोर्सच वर्षभराचा असेल तर ती छाटणी तुमच्या हातून झालीच नाही असं धरा. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते कोणती गोष्ट कधी सुरू करायची आणि ती होत असताना नेमकं काय बघायचं याभोवती आहे. मी असाच कोर्स करून आता रोपवाटिकेत रोपं तयार करायच्या विभागात काम करते, कॉलेजची मुलं आमच्याकडे ट्रेनिंगला येत असतात, त्यामुळे कुणाचं कुठं अडतं ते डोळ्यासमोर दिसतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

अजून ॲडमिशन व्हायची असेल तर माहितीपत्रक नंतर वाचा, आधी आवारात फिरा. हत्यारांची खोली उघडून दाखवा म्हणा. फावडी स्वच्छ धुऊन टांगलेली आहेत का, सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार आहे का, कंपोस्टचा ढीग खरंच चालू आहे का नुसता कचरा साठलाय, रोपांच्या ट्रेवर नाव आणि तारीख लिहिलेली लेबलं आहेत का, यावरून तिथं काम कसं चालतं ते कळतं. मग विचारा की आठवड्यातले किती तास बाहेर काम असतं, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा वाफा मिळतो का का पंचवीस जणांत एक, फवारणीचं आणि मशीन चालवायचं सर्टिफिकेट कोर्समध्येच मिळतं का, आणि ट्रेनिंगला कुठं पाठवतात. आणखी एक प्रश्न नक्की विचारा, सुट्टीत झाडांना पाणी कोण घालतं? याचं सरळ उत्तर आलं तर तिथं झाडं खरोखर वाढवली जातात असं समजायला हरकत नाही.

शाखा ठरवायची घाई करू नका. फळबाग, भाजीपाला, फुलशेती, रोपवाटिका, लँडस्केपिंग, लॉन आणि मैदानं, मोठ्या झाडांची देखभाल, काढणीनंतरची हाताळणी असं बरंच काही या एका विषयात येतं आणि पहिले काही महिने सगळ्यांचा पाया एकच असतो.

पहिल्याच आठवड्यात करायचं काम

सिलॅबस घ्या, त्यातली सगळी प्रॅक्टिकल एका कागदावर उतरवा, आणि प्रत्येकापुढे ते वर्षाच्या कोणत्या काळात करता येतं आणि निकाल दिसायला किती आठवडे लागतात ते लिहा. शिक्षकांना विचारा, ते आनंदाने सांगतात. हा एक कागद तयार झाला की तुमच्या लक्षात येईल की ज्या गोष्टी परीक्षेत शेवटी विचारतात त्यातल्या बऱ्याच पहिल्या महिन्यातच सुरू कराव्या लागतात. हर्बेरियमचंच घ्या, म्हणजे दाबून सुकवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह. चाळीस-पन्नास नमुने हवे असतात, फूल असलेला नमुना हवा असतो, आणि सगळी झाडं एकाच आठवड्यात फुलत नाहीत. दर आठवड्याला दोन-तीन नमुने दाबले तर ओझं वाटत नाही. कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदलायचा, नाहीतर नमुना काळा पडतो आणि बुरशी येते.

दुसरं, डायरी. मोबाइलमध्ये फोटो काढा की, पण डायरी कागदाची ठेवा, कारण मातीच्या हातांनी फोन धरवत नाही आणि वाफ्यापाशी उभं राहून दोन ओळी लिहिणं जास्त जमतं. तारीख, झाड, काय केलं, हवा कशी होती, आणि आज काय वेगळं दिसलं, एवढंच. एक झाड निवडा आणि ते वर्षभर दर आठवड्याला बघा, तेच झाड, शक्यतो तीच फांदी, तोच अँगल धरून फोटो. कळी कुठं येते, नव्या फुटीवर का मागच्या वर्षीच्या लाकडावर, पानं आधी का फुलं आधी, कीड कधी दिसली. छाटणीच्या तासाला शिक्षक जेव्हा सांगतात की जुन्या लाकडावर फुलणारं झाड फुलून गेल्यावर छाटायचं आणि नव्या फुटीवर फुलणारं झाड फूट सुरू व्हायच्या आधी, तेव्हा ज्याने हे डोळ्यांनी पाहिलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही.

नावं पाठ करण्याबद्दल

सगळ्यात जास्त मुलं इथं घाबरतात. शास्त्रीय नावांची टेस्ट दर एक-दोन आठवड्यांनी असते, दर वेळी दहा-वीस झाडं, आणि टेबलावर नुसती फांदी ठेवलेली असते. पद्धत सोपी आहे फक्त सुरुवातीपासून करायला हवी.

दोन शब्दांच्या नावाची ही पद्धत कार्ल लिनियसने १७५३ साली सगळ्या वनस्पतींना लावून दाखवली आणि आजही वनस्पतींच्या नावांची सुरुवात तिथूनच धरतात. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत लिहिताना पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, दुसरा पूर्ण लहान अक्षरात, हाताने लिहिलं तर दोन्हीखाली वेगवेगळी रेघ, आणि वाण असेल तर तो एकेरी अवतरण चिन्हात, त्याला रेघ नाही. याचे मार्क कापतात बरं का, झाड बरोबर ओळखून सुद्धा.

दुसऱ्या शब्दात बऱ्याचदा माहिती दडलेली असते. अल्बा म्हणजे पांढरं, रुब्रा लाल, निग्रा काळं, रेपन्स जमिनीलगत सरपटणारं, सेम्परव्हिरेन्स कायम हिरवं, सटायव्हा म्हणजे लागवडीचं, ऑफिसिनॅलिस असेल तर कधीकाळी औषधात वापरलेलं. असे वीस-पंचवीस शब्द आले की पुढची शंभर नावं सोपी जातात.

पण नावाच्याही आधी कुळ शिका, माझं हे ठाम मत आहे. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, चुरगळलं की वास, म्हणजे बहुतेक लॅमिएसी, पुदिना आणि तुळशीचं कुळ. पुंकेसर एकत्र जुळून मधोमध नळी झालीय, जास्वंदीत दिसते तशी, म्हणजे माल्व्हेसी. शेंग असेल तर बहुतेक फॅबेसी. पानात उजेडाकडे धरल्यावर बारीक तेलाचे ठिपके आणि लिंबाचा वास, म्हणजे रुटेसी. सोलॅनेसीत टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, तंबाखू, पेटुनिया सगळे एकत्र येतात, आणि याचा उपयोग नुसता टेस्टपुरता नाही, पिकांची फेरपालट करताना टोमॅटोनंतर त्याच वाफ्यात वांगं का लावायचं नाही ते याच्यातूनच कळतं, दोघांचे बरेचसे रोग सामाईक आहेत.

ओळखायला फांदी हातात घेतली की एक ठरलेला क्रम ठेवा. पानं समोरासमोर का एकाआड एक, साधी का संयुक्त (एकाच पानाचे अनेक छोटे भाग, त्या पर्णिका), कडा कशी, शिरा कशा, देठ आहे का, उपपर्णं (देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानं) आहेत का, वास काय. साधं पान का संयुक्त पानाची पर्णिका असा घोळ झाला तर डोळा (जिथून नवी फूट येते ती कळी) शोधा. पानाच्या बेचक्यात डोळा असतो, पर्णिकेच्या बुडाशी कधीच नसतो. आणि पुस्तकातल्या फोटोवरून पाठ करू नका, झाडापाशी जाऊन मोठ्याने नाव घ्या, पानाला हात लावा, परत चार दिवसांनी जा. फोटोत झाड कायम फुललेलं असतं, टेस्टला फूल नसतं.

नावं बदलतात हे पण लक्षात ठेवा, त्यात कुणाची चूक नसते, संशोधनाने नातं वेगळं निघालं की वंश बदलतो. रोझमेरी आता साल्व्हिया वंशात गेलीय आणि सॅन्सेव्हेरिया ड्रॅसिना झालाय. जुनं पुस्तक आणि शिक्षकांची यादी जुळत नसेल तर टेस्टला शिक्षकांची यादी चालवा आणि दोन्ही नावं डायरीत लिहून ठेवा.

माती आणि पाणी

मातीच्या तासाला कंटाळा येतो असं बरेच जण म्हणतात, मला ते कधी पटलं नाही कारण पुढची अर्धी दुखणी इथूनच निघतात. एक बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात आणि थोडी तशीच गढूळ राहते. थर मोजा, टक्के काढा, झाला तुमचा पहिला रिपोर्ट. त्याच मातीचा ओला गोळा करून अंगठ्याने दाबत पट्टी काढायचा सराव करा, लांब पट्टी निघाली की चिकण जास्त, गोळाच होत नसेल तर रेताड. काही दिवस सराव केला की बरणी न लावता हाताने सांगता येतं आणि कामावर सगळे तसंच सांगतात.

पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, शिकताना एवढं पक्कं करा की हे आकडे दहाच्या पटीत चालतात, पीएच ५ ची माती ६ पेक्षा १० पट आम्लधर्मी असते. बहुतेक बागपिकं ६ ते ७ मध्ये खूश असतात, ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो. पीएच वर गेला की मातीत लोह असून झाडाला मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथं एक गोष्ट परीक्षेत आणि कामात दोन्हीकडे उपयोगी पडते, ती म्हणजे पिवळेपणा जुन्या पानांवर आहे का नव्या. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाडाच्या आत हलतात, कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी दाखवतात. लोह आणि कॅल्शियम असे हलत नाहीत, म्हणून शेंडा आणि नवी पानं आधी दाखवतात. टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा डाग पडतो तो कॅल्शियम कमी पडल्याचा, पण बऱ्याच वेळा मातीत कॅल्शियम भरपूर असतो आणि पाणीच कधी खूप कधी अजिबात नाही असं दिलेलं असतं.

पाण्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. रोपवाटिकेत नवीन आलेला माणूस सगळ्यात जास्त रोपं पाणी जास्त घालून मारतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, कुंडीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि मग कामच करत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं रोप सुद्धा मान टाकतं, तहानलेल्या रोपासारखंच दिसतं, आणि बघणारा आणखी पाणी घालतो. म्हणून रोप कोमेजलेलं दिसलं की आधी झारी उचलायची नाही, कुंडी उचलायची. पाणी घातल्यावर किती जड लागते आणि सुकल्यावर किती हलकी हे हाताला आठवडाभरात कळायला लागतं. शंका आली तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. पाणी द्यायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत द्या आणि मग पुढचं पाणी कुंडी हलकी झाल्यावरच. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात. आणि उघड्यावरच्या वाफ्यात कुठलंही काम माती वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशी) आल्यावर करा, ओल्या चिकणमातीत पाय दिला की ती दाबली जाते आणि नंतर किती खणलं तरी लवकर सुटत नाही.

कलमं, म्हणजे कोर्सचा गाभा

माझ्या मते या कोर्समधली सगळ्यात आनंदाची आणि नोकरीला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट ही. बियांपासून सुरुवात करा. साधारण नियम, बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, पण बेगोनिया, पेटुनिया, लेट्यूस यांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, त्या नुसत्या वर पेरून दाबायच्या. जुनं बी असेल तर १०० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा, किती उगवल्या ते मोजा, तेवढे टक्के धरून पेरणी वाढवा. रोपं उगवून आल्यावर जमिनीलगत कुजून आडवी पडायला लागली तर ते बुरशीचं काम आहे, पिथियम आणि रायझोक्टोनिया ही नेहमीची नावं, आणि उपाय मुख्यतः आधीच करायचे असतात, स्वच्छ ट्रे, नवं माध्यम (रोपं लावायचं मिश्रण), विरळ पेरणी, हवा खेळती आणि संध्याकाळी पाणी नाही.

छाट कलम. सकाळी काडी घ्या, झाड पाण्याने भरलेलं असतं तेव्हा. फूल-कळी नसलेली, निरोगी, यंदाची फूट, १० ते १५ सेंटीमीटर. खालचा काप पेराच्या लगेच खाली, कारण बऱ्याच झाडांत मुळं पेराजवळ लवकर फुटतात. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. पानं सगळी काढायची नाहीत कारण मुळं बनवायला लागणारं अन्न तीच देतात, आणि सगळी ठेवायची पण नाहीत कारण मुळं नसताना पाणी उडत राहतं. काढलेल्या काड्या ओल्या पिशवीत सावलीत ठेवा, उन्हात बाकावर पसरून गप्पा मारत बसलात की अर्ध्या तिथंच गेल्या.

हार्मोनचं प्रकरण नीट समजून घ्या. ऑक्झिन हे झाडाचं स्वतःचंच संजीवक, डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंटने १९२० च्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून ते वेगळं करून दाखवलं. आपण कलमाला मुख्यतः आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड, ऑक्झिनचाच एक प्रकार) वापरतो. कोवळ्या काडीला साधारण ५०० ते १००० पीपीएम, अर्धवट पक्व काडीला १००० ते ३०००, जून लाकडाला त्याच्या वर. १००० पीपीएम म्हणजे लिटरला १ ग्रॅम, हा हिशोब परीक्षेत येतोच. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी. पावडर असेल तर थोडी वेगळ्या झाकणात काढून घ्या, काडी थेट डबीत बुडवू नका, ओल आणि रोग दोन्ही आत जातात. जास्त लावली की जास्त मुळं येतात असं नाही, जास्त झाली तर काडीचं बूड जळून काळं पडतं.

माध्यम निचरा होणारं हवं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज खडे) निम्मं-निम्मं चांगलं चालतं. काडी आधी भोक पाडून मग ठेवा, नाहीतर पावडर घासून जाते, आणि शेंड्याची बाजू वर आहे ना बघा, जून काड्यांमध्ये उलटी लागते आणि कळत पण नाही, त्यासाठी खालचा काप सरळ आणि वरचा तिरका द्यायची सवय लावून घ्या. खालून ऊब २० ते २४ अंश, वर दमट हवा आणि पानावर थेट ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांनी बुडाला पांढरट फुगवटा दिसतो, तो कॅलस, तो म्हणजे मुळं नव्हेत, तेव्हा लगेच कुंडीत हलवू नका. काडी हलकेच ओढून बघा, अडकली की मुळं धरलीयत.

आता अभ्यासाचा भाग. एकाच आईझाडाच्या, एकाच दिवशी काढलेल्या काड्यांचे दोन गट करा, एकाला हार्मोन, एकाला नाही, बाकी सगळं तंतोतंत सारखं. लेबल लावा. किती लावल्या, किती धरल्या, किती दिवसांनी, तापमान काय, सगळं डायरीत. मेलेल्या काड्या फेकायच्या आधी उपटून बघा. बूड काळं आणि मऊ पडलं असेल तर ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली. बूड ठीक आणि पानं आधी सुकून गळाली असतील तर वरचा दमटपणा कमी पडला. हे असं लिहिलेलं वहीत असलं की तोंडी परीक्षेला प्रश्न विचारणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाने काम केलंय.

डोळा भरणं (एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवणं) आणि पाचर कलम (काडी पाचरीसारखी तासून दुसऱ्या झाडाच्या चिरेत बसवणं) यांना हात लागतो, म्हणून सराव रोज. छाटणीतून पडलेल्या काड्या गोळा करा आणि रोज पंधरा मिनिटं फक्त काप द्या, तीन-चार सेंटीमीटर लांब, एका झटक्यात, सपाट. दोन काप एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा, मधून उजेड दिसला तर काप वाकडा आहे. चाकूला धार एका बाजूने असलेली घ्या आणि अंगठा पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. कलम धरतं ते कँबियमला कँबियम भिडलं तर, सालीच्या लगेच आतला तो पातळ हिरवट थर, त्यामुळे खुंट (खालचं मुळांसकट झाड) जाड आणि काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूची साल जुळवा. मग घट्ट पट्टी, हवा आणि पाणी आत जाता कामा नये. खुंट फक्त आधार देत नाही, झाडाची उंची सुद्धा ठरवतो. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा एम ९ हा सफरचंदाचा खुंट जगभर वापरतात कारण त्याच्यावर मोठं वाढणारं झाड पण अडीच-तीन मीटरच्या आसपास राहतं आणि लवकर फळतं.

छाटणी

काप डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडून, डोळ्यापासून लांब उतरता. सिकेटरचं कापणारं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवा, म्हणजे चेपलेला भाग पडणाऱ्या तुकड्यावर जातो. मोठी फांदी तीन कापांत, आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट, मग त्याच्या थोडं पुढे वरून, फांदी पडली की शेवटचा काप कॉलरच्या बाहेर. कॉलर म्हणजे फांदी बुंध्याला मिळते तिथला फुगीर भाग. अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगोने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाड जखम भरत नाही, ती आतून भिंती घालून बंद करतं, आणि कॉलर कापली की त्या भिंतींचाच भाग जातो. बुंध्याला घासून सपाट काप आणि वर रंग ही जुनी पद्धत त्यानंतर मागे पडली. पातं प्रत्येक रोगट झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, शुद्ध अल्कोहोल नको, ते फार पटकन उडतं आणि काम करायला थोडं पाणी लागतं.

किडी, रोग, फवारणी

पान उलटं करायची सवय लावा, बहुतेक सगळं पानाच्या पाठीवर असतं. मावा, फुलकिडे, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, कोळी हे पाच भिंगातून ओळखता आले पाहिजेत. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी, आठवड्याला मोजून डायरीत आकडा. रोगाचं निदान करताना तीन प्रश्न, झाड कमजोर का, रोगकारक कोण, हवा त्याला कशी फावली, आणि तिन्हींपैकी एक जरी दुवा तोडता आला तर रोग थांबतो. औषध सगळ्यात शेवटी.

फवारणीचं गणित मात्र पाठ हवं. १०० चौरस मीटर मोजा, पंपात नुसतं पाणी भरून नेहमीच्या चालीने फवारा, किती लिटर गेलं बघा. ५ लिटर गेलं तर हेक्टरला ५०० लिटर. लेबलवर हेक्टरी १ लिटर औषध लिहिलंय आणि पंप १० लिटरचा आहे, म्हणजे तो पंप २०० चौरस मीटरला पुरतो, त्यात २० मिली औषध. हे प्रत्येकाच्या चालण्याच्या वेगाने बदलतं म्हणून मित्राचा आकडा उचलू नका. बाकी गणितं पण अशीच साधी असतात, १० मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाफ्यावर ५ सेंटीमीटर आच्छादन म्हणजे ०.६ घनमीटर, म्हणजे ६०० लिटर. ज्यांना शाळेत गणित जमलं नाही त्यांना सुद्धा इथं जमतं, कारण वाफा समोर असतो.

पॉलीहाऊसमध्ये एक शिस्त आणखी. शेवंती, पॉइन्सेटिया ही झाडं रात्र किती लांब आहे त्यावर फुलतात, गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा हा परिणाम मांडला. त्या विभागात रात्री काहीतरी विसरलं म्हणून जाऊन लाइट लावला आणि असं परत परत झालं तर फुलणं लांबतं. दारावर पाटी असेल तर ती खरोखर पाळा.

शरीर सांभाळा

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. कंपोस्ट किंवा कुंडीमातीची पिशवी तोंडापासून लांब, हवेशीर जागी उघडा, कोरडी असेल तर आधी ओली करा, मास्क लावा, त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि ते श्वासातून फुप्फुसात गेले की गंभीर न्यूमोनिया होतो. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, कण्हेर सगळीच्या सगळी विषारी. वजन उचलताना गुडघे वाकवा. एका कामाला दोन तासांवर चिकटून राहू नका, पाठ आणि मनगट पुढची बरीच वर्षं लागणार आहेत.

ट्रेनिंग आणि शेवटची प्रॅक्टिकल

ट्रेनिंगची जागा निवडता येत असेल तर कॉलेजात जे नाही ते जिथं आहे तिथं जा, आणि त्या जागेचा गर्दीचा सीझन असेल तेव्हा जा, शांत काळात गेलात तर झाडलोटच वाट्याला येते. पहिले काही दिवस तुम्ही हळू असाल, सगळेच असतात. कामात शिकायचं ते वेगाचं तंत्र, म्हणजे ट्रे कुठल्या हाताला, कुंड्या कुठल्या, किती वेळा वाकावं लागतं, हे जुन्या कामगारांकडे बघून शिका, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कोर्स केलेला नसतो आणि त्यांना जे येतं ते पुस्तकात मिळत नाही. त्यांना मान देऊन विचारलं की ते भरभरून सांगतात. रोज संध्याकाळी डायरी, किती रोपं भरली, काय बदललं, कुणी काय दाखवलं, रिपोर्ट त्यातूनच उभा राहतो.

शेवटच्या प्रॅक्टिकलला घाई होते ती हत्यारामुळे. आदल्या दिवशी सिकेटरला धार लावा, स्प्रिंगला तेलाचा थेंब, चाकू, पट्टी, पेन्सिल, लेबलं एका डब्यात. लेबलवर पेन्सिलच चालवा, बऱ्याच पेनांची शाई उन्हापाण्याने उडते. कलम करायला सांगितलं की आधी काडी निरोगी आहे का बघा आणि का निवडली ते तोंडाने सांगा, न विचारता सांगितलं तरी चालतं. काम झालं की नाव, तारीख, प्रकार लिहिलेलं लेबल लावा, पातं पुसा, कचरा उचला, टेबल स्वच्छ करा आणि मगच हात वर करा, कारण बऱ्याच ठिकाणी या स्वच्छतेचे आणि लेबलचे मार्क वेगळे धरलेले असतात आणि ते हातात आलेले मार्क मुलं नुसत्या घाईत सोडून जातात.